मापात बसलेले भोक

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील आमच्या कार्यशाळेत एका पावसाळ्यात मासेमारी नौकेसाठी कार्बन तंतूंच्या जाड पट्ट्या आल्या. मिलिंग करून, म्हणजे फिरत्या कटरने कापून, त्यांत मोठे भोक पाडायचे आणि ॲल्युमिनियमचा बुश, म्हणजे भोकात घट्ट बसणारी नळी, बसवायचा, एवढेच काम होते. आरेखनात खडबडीतपणाची मर्यादा आर.ए. (पृष्ठावरील चढउतारांची सरासरी) ३.२ मायक्रॉन होती आणि मोजयंत्राचा आकडा तिच्या बराच खाली येत होता. तरीही भोकाच्या भिंतीवर समोरासमोरच्या दोन जागा भिंगाखाली कुरतडल्यासारख्या दिसत.

“साहेब, स्पिंडल हलतोय,” असे आमच्या ऑपरेटरचे मत पडले; स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारा दांडा. धातूच्या कामात मुरलेल्या माणसाला आधी हाच संशय यावा, हे योग्यच. मी पट्टी टेबलावर ९० अंशांनी फिरवून नवे भोक पाडायला सांगितले. दोष यंत्राचा असता तर खराब जागा टेबलाच्या त्याच दिशांना उमटल्या असत्या. त्या पट्टीबरोबर फिरल्या.

पट्टीतील सारे तंतू एकाच दिशेने होते आणि खराब जागा त्या दिशेशी साधारण ४५ अंशांच्या एकाच कर्णावर होत्या. कटरची धार भिंतीवरून जाताना तंतूंशी तिचा कोन सतत बदलतो. बहुतेक ठिकाणी तंतू नीट तुटतो. पण धार जिथे उलट्या अंगाने येते, तिथे जेमतेम ७ मायक्रॉन जाडीचा तो तंतू आधी वाकतो, मग पृष्ठाच्या आत मोडतो आणि मागे खड्डा राहतो. बोथट धारेने तो आणखी वाकतो, आणि कार्बन तर कटरच्या कार्बाइड या कठीण पदार्थाची धार फार लवकर झिजवतो.

मग आकडा चांगला का? झिजलेल्या धारेच्या उष्णतेने मऊ झालेले इपॉक्सी (तंतूंना बांधून ठेवणारी राळ) खड्ड्यांवर सारवले गेले होते आणि मोजयंत्राची सुई त्यावरून सुखाने सरकत होती. त्यात आर.ए. ही सरासरी, म्हणजे तुरळक खोल खड्डे तिच्यात बुडून जातात.

किनाऱ्यावर हे खड्डे महाग पडतात. कार्बन वीजवाहक आहे. खड्ड्यांत खारे पाणी साचले की कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते.

आम्ही हिऱ्याचा लेप असलेला कटर लावला आणि शेवटचा काप अगदी पातळ ठेवला. खराब जागा आक्रसल्या, पुरत्या गेल्या नाहीत. म्हणून भिंतीवर इपॉक्सीचा हात देऊन बुशभोवती वीज न वाहणाऱ्या काचतंतूचा थर घातला, आणि तपासणीच्या कागदावर त्या कर्णावरील दोन्ही जागांचे भिंगाखालचे निरीक्षण आर.ए.च्या शेजारी नोंदवणे ग्राहकाच्या संमतीने सुरू केले.