शेरा तिचा होता

आमच्या अहवालाच्या मसुद्यात शेवटच्या पानावर एक ओळ होती : ‘स्थानिक स्वयंसेवकांचे आभार.’ त्या ओळीवरून ऑफिसात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

साक्री तालुक्यात, पांझरेच्या खोऱ्यातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद आम्ही करत होतो. विहिरी मोजायला गावातलीच बी.एस्सी.ला असलेली मुलगी मिळाली. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तिचे तास भरले, तरी तिचं मोजणं चालूच राहिलं.

दोरीला दगड बांधून सोडला की पातळी कळते, असं लोकांना वाटतं. पण मोटर चालू असताना घेतलेला आकडा कामाचा नसतो. लाईट दिवसाची असेल तर ती यायच्या आत शेतात पोचायचं. रात्रीची असेल तर मोटर बंद झाल्यावर विहिरीतलं पाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं. टेपच्या टोकाला खडू घासायचा, कठड्यावर रंगवलेल्या खुणेशी टेप धरून खाली सोडायची, खुणेवरचा आकडा वाचायचा, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचं आणि वजा करायचं. मग कठड्याची उंचीही वजा करायची, तेव्हा कुठे जमिनीपासूनची खोली मिळते. तिच्या वहीत दरवेळी टेपचे दोन्ही आकडे आहेत. आमच्या पगारी माणसांच्या वहीत बऱ्याचदा फक्त उत्तर असतं, ते तपासायचं कसं?

त्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं : ‘काळ्या दगडाच्या भिंतीच्या वरच्या अंगाची विहीर फारशी उतरत नाही. खालच्या अंगाची मार्चमध्येच तळाला.’

धुळे-नंदुरबार भागात बसाल्टमध्ये अशा उभ्या भिंती घुसलेल्या आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भिंत अखंड असेल तर जमिनीखालचं पाणी अडवते, भेगाळलेली असेल तर उलट वाहून नेते. नुसतं वरून बघून ते सांगता येत नाही, दोन्ही अंगांच्या विहिरी मोजत राहावं लागतं. गावात बंधारा कुठे घ्यायचा, हे त्या शेऱ्यावरून बदललं.

बैठकीत आमच्या वरिष्ठांनी पडद्यावर तोच मुद्दा दाखवला आणि म्हणाले, ‘आमच्या निरीक्षणात असं आलं...’ मी तिथेच म्हटलं, निरीक्षण तिचं आहे. उत्तर आलं, ‘विद्यार्थी बदलत राहतात, संस्था टिकते.’ मला हे मुळीच पटत नाही. पुढच्या वर्षी पहाटे त्या विहिरींवर कोण जाणार आहे, ते त्यांनी सांगावं.

पण सगळंच तिच्या नावावर टाकणंही खरं नव्हतं. ती भिंत पायी फिरून नकाशावर आखली आमच्या भूशास्त्रज्ञाने, आणि ती पाणी अडवतेय हा अर्थही त्यानेच लावला. म्हणून मी तसंच लिहायचं ठरवलं : मोजणी आणि पहिली नोंद तिची, अर्थ त्याचा. तिला विचारायला गेले तर तिचे वडील आधी बिचकले. कोणाच्या विहिरीतून किती उपसा होतो हे त्या आकड्यांतून दिसतं, उद्या शेजारी पोरीला बोलतील. त्यांची काळजी रास्त होती, म्हणून छापील अहवालात विहीरमालकांच्या नावांऐवजी क्रमांक टाकले.

ती मात्र वेगळंच म्हणाली. ‘ताई, माझ्या परीक्षेत सालदारकाकांनी मोजलंय. ते आकडे माझ्या नावावर नको.’ वहीत अक्षर तिचंच होतं. तिने सांगितलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं. सालदारकाका, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला असलेले शेतगडी, शेजारीच उभे होते. ‘मनं नाव कसाले, ताई?’ म्हणाले. तिने त्यांच्यासमोरच वही उघडली आणि त्या ओळींवर माझ्याकडून खुणा करून घेतल्या.

मग मी तक्त्यातच एक रकाना वाढवला : ‘कोणी मोजले’. प्रत्येक आकड्यापुढे नाव. वरिष्ठ म्हणाले, पान रुंद होतं. आडवं छापू म्हटलं. शेवटी तसंच छापलं, पण पडद्यावरच्या सादरीकरणात तो रकाना अजून आलेला नाही, आणि जिल्ह्याच्या बैठकांत दाखवलं जातं ते सादरीकरणच.

कॉलेजकडून तिला जे प्रमाणपत्र मिळालं त्यात फक्त ‘शिबिरात सहभाग’ आहे. कॉलेजात सेवा योजना बघणाऱ्या तिच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना मी पत्र लिहिलंय. त्यात कौतुकाची विशेषणं घातली नाहीत. कोणत्या विहिरी, कुठल्या महिन्यापासून, कोणत्या पद्धतीने मोजल्या, शेरा काय होता आणि त्यामुळे बंधाऱ्याची जागा कशी बदलली, एवढंच लिहिलं. सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी कॉलेजात जाऊन भेटणार आहे.