ते मॉडेल बंद झालंय, काका

महिन्याची 11 आणि 20 तारीख आमच्या घरात एकादशी-चतुर्थीपेक्षा कडक पाळली जाते. मी सांगलीच्या गावभागात राहतो, घरूनच जीएसटीची कामं करतो (या दोन तारखा म्हणजे रिटर्न भरायची मुदत), आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते. गेल्या पावसाळ्यात 18 तारखेच्या रात्री बँकेची साइट उघडायला गेलो, तर ब्राउझरनं इशारा दिला की प्रमाणपत्र जुळत नाही, पुढं जाऊ नका. बायकोच्या फोनवरही तेच. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घेतलं की तीच साइट निमूट उघडायची. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राचं फुकटचं टूल कॉम्प्युटरवर चालवून बघितलं, काही निघालं नाही. राहता राहिला राउटर.

2016 ला घेतलेला, चांगले दाम मोजून घेतलेला राउटर. 2019 च्या पुरात खालचं सगळं सामान माळ्यावर चढवलं, त्यात हाही होता. पाणी उतरल्यावर पुसून लावला आणि पहिल्या फटक्यात चालू झाला. त्यामुळे त्याच्यावर माझा जरा जास्तच विश्वास.

त्याच्या सेटिंगच्या पानावर गेलो. डीएनएसचे दोन रकाने रिकामे असायला हवे होते, तिथं अनोळखी आकडे. डीएनएस म्हणजे साइटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता देणारा. गणपती पेठेत परगावच्या माणसानं पत्ता विचारावा आणि कोपऱ्यावरच्यानं त्याला मुद्दाम आपल्या साडूच्या दुकानात धाडावं, तसं चाललं होतं. ही काही नवी चोरी नाही. 2018 मध्ये एक लाखाहून जास्त घरगुती राउटरांचं डीएनएस असंच परस्पर बदलल्याचं उघडकीला आलं होतं, त्यातले बहुतेक ब्राझीलमधले.

आता कबुली. नऊ वर्षं लॉगिन ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’ होता. क्लायंटला ‘पोर्टलचा पासवर्ड वहीत लिहू नका’ असं बजावणारा मीच. राउटर रीसेट केला, पासवर्ड बदलला, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद केली, 20 तारीख पार पाडली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच आकडे हजर! पासवर्ड बदलूनही कुणी आत येत असेल तर भोक फर्मवेअरमध्ये आहे, म्हणजे राउटरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते बुजवायचं काम कंपनीचं.

कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलची शेवटची फाइल 2018 ची. घेतल्यापासून दोन वर्षांत कंपनीनं हात झटकले होते आणि मी पुढची सात वर्षं तोच वापरत होतो. हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलली: सर, ते उत्पादन ‘एंड ऑफ लाइफ’ झालंय, नवं अपडेट येणार नाही, आपण आमचं नवं मॉडेल बघा. ब्रॉडबँडवाला पोरगा एवढं गोड बोलला नाही. “ते मॉडेल बंद झालंय, काका. दीड हजारात नवा येतोय की, कशाला डोकं लावताय?”

मॉडेल बंद झालं म्हणजे विकायचं बंद झालं, एवढंच मी इतकी वर्षं समजत होतो.

भाची वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकते. रविवारी जेवायला आली तेव्हा सहज विषय काढला. तिनं ताटावरून उठून राउटर उलटा केला. “मामा, खालचा स्टिकर वाचलाय का कधी?” मॉडेलच्या नावापुढं बारीक अक्षरात व्ही 2 असं होतं. हा ‘व्ही’ म्हणजे हार्डवेअर व्हर्जन. खोक्यावरचं नाव तेच ठेवून कंपन्या आतली चिप आणि मेमरी बदलतात, त्यामुळे एकाच नावाखाली दोन-तीन वेगळी यंत्रं असू शकतात, आणि एकाची फाइल दुसऱ्यात घातली की यंत्र मेलं.

ती मला ओपनडब्ल्यूआरटीकडं घेऊन गेली, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी राउटरमध्ये घालायच्या खुल्या, फुकटच्या फर्मवेअरकडं. नाव बोजड आहे, त्याला कारण आहे. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी 54 जी हा राउटर 2002 च्या शेवटी आला. त्यात लिनक्स ही खुल्या कोडची सिस्टीम वापरलीय हे लोकांच्या लक्षात आलं, आणि लिनक्सच्या जीपीएल परवान्याच्या अटीप्रमाणं कंपनीला तो कोड 2003 मध्ये खुला करावा लागला. त्या कोडवर 2004 पासून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. पुढं त्याच राउटरची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात मेमरी निम्मी आणि लिनक्सच्या जागी दुसरीच सिस्टीम. डबा तोच. स्टिकर वाचायची सवय का लावायची ते मला या गोष्टीनं जेवढं कळलं तेवढं भाचीच्या दटावण्यानं कळलं नव्हतं.

ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आमचा व्ही 2 सापडला. फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, 16 एमबी; रॅम, म्हणजे चालताना लागणारी मेमरी, 128 एमबी. “चालतंय, पुष्कळ झालं,” भाची म्हणाली. 24.10 ही आवृत्ती उतरवली. (नावात ऑक्टोबर 2024 असला तरी आली फेब्रुवारी 2025 मध्ये. आमच्या अडत्यांची बिलंही अशीच येतात.) पहिल्यांदा टाकताना ‘फॅक्टरी’ नावाची फाइल, पुढच्या अपडेटला ‘सिसअपग्रेड’ नावाची. फाइल धड उतरली का ते तपासायला साइटवर एक लांबलचक बेरीज दिलेली असते, ती जुळवली. हा भाग मला आवडला, रोजमेळ जुळवल्यासारखा.

वायफायवरून करायचं नाही, केबल लावायची. जुन्या पानावर फाइल निवडली तर राउटर म्हणाला फाइल अवैध आहे. अर्धा तास आम्ही स्टिकर आणि यादी ताडून बघत होतो. शेवटी लक्षात आलं की फाइलचं नावच त्याला झेपत नव्हतं. लहान करून दिलं आणि पट्टी पुढं सरकायला लागली.

आणि लाइट गेली.

घराला इन्व्हर्टर आहे. पण टीव्हीच्या कपाटातला तो एक प्लग इन्व्हर्टरवर नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी आठवलं नाही. वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा राउटरचा एकच दिवा जळत होता, मिणमिणता. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “दीड हजारात येत होता ना?”

भाची मात्र घाबरली नाही. राउटरमध्ये बूटलोडर नावाचा छोटा तुकडा वेगळ्या जागी असतो, मुख्य फर्मवेअर बिघडलं तरी तो बहुधा शाबूत राहतो. आमच्या मॉडेलचा बूटलोडर असा, की रीसेटचं बटण दाबून धरून चालू केलं की तो केबलच्या पलीकडं 192.168.0.66 हा पत्ता शोधतो आणि तिथं ठरावीक नावाची फाइल मागतो. कॉम्प्युटरला तो पत्ता दिला, टीएफटीपीचा, म्हणजे केबलवरून अशी फाइल पुरवणारा, छोटा प्रोग्राम चालवला, फाइलला त्याला हवं ते नाव दिलं. पहिल्या दोन खेपेला काहीच नाही, कारण विंडोजची फायरवॉल आडवी आली होती. ती तेवढ्यापुरती बंद केली. तिसऱ्या खेपेला मी बटण दाबून धरलं, भाचीनं स्विच टाकला, आणि पडद्यावर फाइल जाताना दिसली. प्लग अर्थातच आता इन्व्हर्टरवरचा.

पाच मिनिटांनी 192.168.1.1 वर नवं पान उघडलं. पासवर्ड नाही, वायफायही बंद. दोन्ही आधी आपण लावायचं. देश भारत निवडायचा, म्हणजे रेडिओ इथल्या नियमानं चालतो. ब्रॉडबँडचा पीपीपीओई आयडी आणि पासवर्ड घातला. नेट येईना.

यात सोमवारची सकाळ गेली आणि गंमत अशी की दोष ना राउटरचा ना माझा. आमच्याकडचे छोटे ब्रॉडबँडवाले गिऱ्हाइकाचं कनेक्शन राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकाला, बांधून ठेवतात. जुनं फर्मवेअर बाहेरच्या पोर्टसाठी स्टिकरवरच्या मॅकपेक्षा एक आकडा पुढचा मॅक दाखवत होतं, नवं स्टिकरवरचाच दाखवायला लागलं. एका आकड्यानं मी त्यांच्या लेखी परका झालो. शेवटचा आकडा हातानं वाढवला आणि क्षणात नेट आलं.

तेव्हापासून डीएनएस जिथल्या तिथं आहे. वेग म्हणाल तर माझं कनेक्शन 100 एमबीपीएसचं, तेवढा पुरा मिळतो. पाचशे-हजारचं असतं तर या जुन्या प्रोसेसरला धाप लागली असती, कारण कंपनीच्या फर्मवेअरमधली वेग वाढवायची खास युक्ती इथं नाही.

उत्साहात मिरजेला बहिणीकडंही गेलो. तिचा छोटा पांढरा राउटर निघाला 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमचा. अशांसाठी 19.07 ही शेवटची आवृत्ती, आणि तिचाही आधार 2022 ला संपला. तो काढून ठेवला आणि आम्ही दोघं दुकानात गेलो.

“याला अपडेट किती वर्षं मिळणार?” मी विचारलं.

“तीन वर्षं वॉरंटी आहे की साहेब.”

“वॉरंटी नव्हे, अपडेट.”

त्यानं खोका चारही बाजूंनी फिरवला. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून उत्पादकाला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं, आणि युरोपीय संघात डिसेंबर 2027 पासून साधारण 5 वर्षांचा किमान आधार बंधनकारक होतोय. हे मी त्याला सांगत बसलो नाही. खोका हातात घेतला, मॉडेलचं नाव, व्ही किती, फ्लॅश किती, रॅम किती, सगळं फोनवरच्या यादीशी ताडत उभा राहिलो. एक नापास, दुसरा नापास, तिसरा उघडायला सांगितला.

दुकानदार बहिणीकडं वळून म्हणाला, “ताई, राउटर घ्यायचाय का पत्रिका जुळवायचीय?”