पोत्यावरचा 'के'

परवा उसाच्या लागणीसाठी एक जण १०:२६:२६ खताची चार पोती न्यायला आला. सोबत नववीतला पोरगा. पोती गाडीत चढेपर्यंत तो त्यावरची अक्षरं वाचत उभा. "काका, एन नायट्रोजनचा, पी फॉस्फरसचा. मग पोटॅशचा के कुठनं आला?" बाप म्हणाला, "गप रे, त्यांना धंदा करू दे."

धंदा काय, रोजचाच आहे. मी बीएस्सी केमिस्ट्रीचा, कृषी सेवा केंद्रात बसून या डिग्रीला गिऱ्हाईक क्वचितच मिळतं.

शाळेत आम्हाला सांगायचे, "लॅटिन नाव आहे, पाठ करा." लोखंडाचा एफई, तांब्याचा सीयू यांच्यापुरतं ते खरं. फेरम म्हटलं की रोमन लोहाराला कळलं असतं. पण 'कॅलियम' कुठल्याही रोमन माणसानं ऐकलेला नाही. तो मूळचा अरबी शब्द, झाडाझुडपांची राख या अर्थाचा. अल्कली त्यातूनच आला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याला 'इयम'ची लॅटिन शेपटी लावली. (सोडियमच्या नेट्रियमचंही तसंच. ते नेट्रॉनवरून, इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरायचे त्या क्षारावरून.)

आणि पोटॅश? पॉट म्हणजे भांडं, ॲश म्हणजे राख. लाकडाची राख पाण्यात कालवायची, निवळ गाळून भांड्यात आटवायची, तळाला उरेल तो पोटॅश. म्हणजे एकाच राखेची दोन नावं. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं वितळलेल्या दाहक पोटॅशमधून वीज सोडली, तेव्हा पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसले आणि काही तिथंच पेटले. त्यानं इंग्रजीत नाव ठेवलं पोटॅशियम. जर्मनांनी कॅलियम धरलं, आजही तेच म्हणतात. पुढे स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं मूलद्रव्यांसाठी अक्षरांच्या खुणा ठरवल्या. त्याचा कल लॅटिनकडे, म्हणून के टिकला.

आपल्या पोत्यावर तर दोन्ही पक्ष नांदतात: खूण कॅलियमची, बोलायला पोटॅश. त्यातही गंमत अशी की पोटॅशचे म्हणून छापलेले शेवटचे २६ टक्के पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबानं असतात. पन्नास किलोच्या पोत्यात ते तेरा किलो. निव्वळ पोटॅशियम जेमतेम पावणेअकरा. माझ्या मते हा हिशेब कधीच बदलायला हवा होता.

पोराला एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "आजी गवारीवर मावा पडला की चुलीतली राख धुरळायची ना? तिच्यातच हा के."

पोरगा खूश. बापाचे मात्र कान टवकारले. "मग मी राखच टाकतो की! पोतं कशाला?"

"टाका. पण एकराला पुरेल एवढी राख करायची तर डोंगरावरची झाडं संपतील."

"मग राहू दे," म्हणाला, "चारीही वहीत मांडा."