आजोबांच्या राखणदाराचं चित्रपुस्तक कसं झालं (माझा अनुभव)

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला प्रत्येक घराची एक तरी राखणदाराची (म्हणजे रात्री गाव राखत फिरणाऱ्या देवाची) गोष्ट असतेच. आमची अशी की आजोबा आठ वर्षांचे असताना जत्रेत दशावतार बघता बघता झोपले, सोबतचे लोक निघून गेले आणि हे मध्यरात्री एकटेच मळ्याच्या मेरेवरून (बांधावरून) घरी निघाले. वाट चुकली, तर पुढे एक उंच माणूस हातात पेटती चूड घेऊन चालायला लागला, बोलला काहीच नाही, फक्त त्याच्या व्हाणांचा चर्र चर्र आवाज, आणि अंगणात पोचल्यावर बघतात तर कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी पणजोबांनी देवळात नवीन व्हाणा नेऊन ठेवल्या. (आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात ना, तसंच.) आजी म्हणायची, "रात्रभर गाव फिरता मा तो, मगे व्हाणो झिजतत."

आजीचं हे मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं होतं, अर्धा आवाज पंख्याचा. भाची पाच वर्षांची झाली तेव्हा वाटलं हिच्यासाठी पुस्तक करूया, दोन महिन्यात होईल. दीड वर्ष लागलं.

पहिला खर्डा अडीच हजार शब्दांचा झाला, त्यात पणजोबांचा स्वभाव, जत्रेतली खाजी, सगळं कोंबलेलं. मग ए-फोर कागद दुमडून खोटं पुस्तक बनवलं आणि कुठल्या पानावर काय ते पेन्सिलीने मांडलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला की जे चित्रात दिसणारे ते लिहायचंच नाही. "अंधार होता" हे वाक्य काळ्याकुट्ट पानावर कशाला पाहिजे? शेवटी साडेतीनशे शब्द उरले आणि 'चर्र चर्र' नेहमी उजव्या पानाच्या खाली ठेवलं, म्हणजे पोर पान उलटायला घाई करतं.

चित्रं काढणारी मुलगी पुण्यातली, हात फार सुंदर, पण कोकण फक्त बीचवरचं बघितलेलं. पहिल्या स्केचमध्ये राखणदार म्हणजे पांढरी चादर घेतलेलं भूत, आणि चूड म्हणजे ऑलिंपिकची मशाल! तिला म्हटलं अगं चूड म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांची जुडी पेटवलेली, ती हलवत चालतात तेव्हा ठिणग्या पडतात. गावाहून फोटो मागवले, नळ्यांच्या (कौलारू) घराचे, मेरेचे, देवळातल्या व्हाणांचे. राखणदाराचा चेहरा दाखवायचा का यावर आमचं महिनाभर चाललं. तिचं म्हणणं हसरा करूया, मुलं घाबरतील. मी म्हटलं पाठमोराच राहू दे, आजोबांनी कुठे चेहरा बघितला होता. यावर मी अडून बसले आणि अजूनही वाटतं बरोबर केलं. हसरा राखणदार म्हणजे सोसायटीचा वॉचमन वाटला असता.

भाषेचं असं की निवेदन साधं मराठी आणि बोलणं मालवणी. शब्दार्थ दिले नाहीत, चूड चित्रात दिसतेच की.

खरा वैताग पुढे. मजकूर लेआउटमध्ये टाकला तर 'व्हाणा'चा व सुटा आणि 'ठिणगी'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर. दोन रात्री फॉन्ट बदलत बसले, मग कळलं की इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो, तो लावला की जोडाक्षरं जागेवर! आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मात्र राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर फुकट मिळाला, स्वतः छापणाऱ्यालाही देतात, फक्त धीर धरायचा.

छपाईला देताना चारी बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त ठेवलेलं (कापताना पांढरी रेघ येऊ नये म्हणून), रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) केलेले, तरी पहिल्या प्रूफमध्ये (नमुना प्रतीत) रात्र वांग्याच्या रंगाची आली. स्क्रीनवरचा तो गर्द निळा शाईत उतरतच नाही. निळ्यातला गुलाबी कमी करून परत प्रूफ, परत प्रूफ. पूर्ण पुस्तक रात्रीचं असताना प्रूफ न बघता छापायला दिलं असतं तर रडत बसले असते. शंभरच प्रती डिजिटल काढल्या, ऑफसेटला प्रत स्वस्त पडते पण त्यासाठी निदान पाचशे छापायला हव्यात, आणि ठेवणार कुठे, पलंगाखाली आधीच गव्हाची कोठी.

पहिली प्रत गावी आत्याला पाठवली. ती आजोबांची थोरली लेक, तिला मी सुरुवातीला विचारलंच नव्हतं, ही माझी घोडचूक. तिसऱ्या दिवशी फोन. "बरा झाला गो. पण त्या रात्री गावातलो एक कुत्रो भुकाक नाय, ता खय लिवलंस?"

ही गोष्ट आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हतीच! आणि सेंटर पिनच्या (मधोमध पिना मारलेल्या) पुस्तकात पानं चारच्या पटीतच वाढतात, म्हणजे २४ ची थेट २८. चित्रवालीला मेसेज केलाय, कुत्रे झोपलेले काढायचे की जागे राहून गप्प, ते आत्याला विचारून सांगते म्हणून.