लादी ते फ्लेक: आमच्या बर्फ कारखान्याची वाटचाल

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या ट्रॉलरना बर्फाची लादी पुरवायची, हा आबांनी उभा केलेला धंदा. अमोनियाचा प्लांट, मिठाच्या पाण्याची टाकी, तीत बुडवलेले डबे. मासळी असली की रात्रभर क्रशरची घरघर; जून-जुलैत मासेमारी बंद, की कारखान्यात शुकशुकाट. बँकेचा हप्ता मात्र बारमाही. त्यामुळे रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरच्या एका खाडीपुलाचे इंजिनिअर काँक्रीटसाठी बर्फ विचारत आले, तेव्हा आम्ही त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

काँक्रीटला बर्फ कशाला? पाइल कॅप, म्हणजे पायाच्या खांबांच्या डोक्यावरचा ठोकळा, असा जाड भाग ओतला की सिमेंटची उष्णता आत कोंडते. गाभा 70 अंशांच्या वर जाता कामा नये आणि बाहेरची बाजू लवकर निवली तर तडे जातात. म्हणून ओततानाच माल थंड हवा, 25 अंशांच्या आत. मे महिन्यात खडीच उन्हात तापलेली असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाणी मारून ती फारशी निवत नाही. नुसतं चिलरचं पाणी वापरलं तर पाच-सहा अंश उतरतात. एक किलो बर्फ वितळताना मात्र 80 किलोकॅलरी ओढून घेतो. घनमीटरमागे 50 किलो पाण्याच्या जागी तेवढाच बर्फ घातला तर आठेक अंशांचा फरक पडतो.

आमची फोडलेली लादी साहेबांनी चाचणीतच नाकारली. मिक्सर थांबला तरी सुपारीएवढे खडे तसेच. "शेट, हे नंतर वितळणार आणि तिथे पोकळी राहणार." शिवाय गंजक्या डब्यातून मिठाचं पाणी लादीत झिरपत असेल तर आतली सळई गंजायची. फ्लेक म्हणजे बर्फाचा पापुद्रा, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, तो मिक्सरमध्ये लगेच विरघळतो. मशीन घ्यायचं ठरलं.

पहिला धडा कॅटलॉगचा. त्यातले टन हे साधारण 16 अंशांच्या पाण्यावर मोजलेले असतात. आमच्या टाकीतलं पाणी मेमध्ये 32. म्हणजे नुसतं पाणी गार करण्यातच बरीच ताकद खर्ची पडते. म्हणून दिवसाला 20 टन लिहिलेलं मशीन घेतलं, ते उन्हाळ्यात सोळाच्या आसपास देतं. एअर कूल्ड कंडेन्सर स्वस्त होता, पण खाऱ्या वाऱ्यात अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची काय गत होते ते इथल्या कुणाच्याही एसीकडे बघून कळतं. वॉटर कूल्ड घेतला. जुन्या कॉम्प्रेसरवरच हे जोडू, असं आमच्या फिटरचं म्हणणं होतं. पण फ्लेकच्या ड्रमला, म्हणजे ज्याच्यावर बर्फ गोठतो त्या पिंपाला, लादीपेक्षा बरंच खालचं तापमान लागतं, तिथे त्या कॉम्प्रेसरची क्षमता घसरली असती. फ्रिऑन गॅसवर चालणारं स्वतंत्र युनिट आणलं आणि काँक्रीट बनवण्याच्या बॅचिंग प्लांटलाच बसवलं. कारखान्यातून गाडीने फ्लेक नेला तर वाटेत त्याचा गठ्ठा होतो आणि मग पुन्हा फावडं आलंच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मिठाने. ड्रमवरून फ्लेक सुटसुटीत निघावा म्हणून पाण्यात किंचित मीठ घाला, असं मशीनवाले सांगतात. इकडे सळईच्या काँक्रीटला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड (मिठातला घटक) चालत नाही आणि आमच्या विहिरीचं पाणी मेअखेर मचूळ. शेवटी आरओ बसवला. त्या पाण्याचा फ्लेक ड्रमला चिकटून भुगा होऊ लागला, तेव्हा मोजून मीठ सोडणारा डोसिंग पंप आला. म्हणजे आधी पैसे खर्चून मीठ काढायचं, मग पैसे खर्चूनच परत घालायचं! आबांनी हिशेब बघून नुसती मान हलवली. पण लॅबचा आकडा मर्यादेच्या बराच खाली राहिला आणि साहेबांनी सही केली.

साठवणीच्या खोलीत मात्र कंजुसी केली नाही. 300 घनमीटरच्या ओतकामाला 15 टन बर्फ दहा तासांत लागतो, तेवढा मशीन त्या वेळेत देत नाही. त्यामुळे आदल्या रात्रीपासून साठवायचा. दार उघडं राहिलं की दमट हवा शिरते आणि सकाळी फ्लेकची भिंत उभी. दाराला आता कुलूप आहे, किल्ली एकट्या फोरमनकडे.

पुलाचं काम संपलं की हे युनिट जेटीवर आणणार आहोत; कोळंबी आणि सुरमईवाले आतापासूनच विचारतायत. दरम्यान लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रंग बनवणाऱ्या कारखान्याचा फोन आलाय. त्यांना अभिक्रिया 0 ते 5 अंशांत ठेवायला बर्फ थेट टाकीत सोडायचाय. पहिला प्रश्न: बर्फात मीठ किती?