डब्यावरचा स्पीड

एप्रिलातली दुपार. लग्नांचं शूटिंग करणारा मिरजेचा एक पोरगा दुकानात आला आणि काउंटरवर टपाल तिकिटाएवढी एसएसडी, म्हणजे डेटा साठवायचा चिपवाला ड्राइव्ह, ठेवली. "ताई, एवढी बसवून द्या की. एक टीबी आहे, स्वस्तात मिळाली. रात्री काम आहे."

एम डॉट टू, म्हणजे थेट मदरबोर्डच्या स्लॉटात बसणारी पट्टी, २२३० साइज. म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब. त्याच्या बारक्या लॅपटॉपात याहून लांब मावतच नाही.

आधी दुकानातल्या टेस्टिंगच्या पीसीला लावली. क्रिस्टलडिस्कमार्क या स्पीड मोजायच्या सॉफ्टवेअरनं लिहिण्याचा स्पीड सेकंदाला १८०० एमबी दाखवला. पोरगा खूश. पण ती टेस्ट लिहून बघते १ जीबीची फाइल, आणि याला एका लग्नाचे ४०० जीबी एकदम टाकायचे असतात. म्हटलं, संध्याकाळपर्यंत ठेव.

मग एचटूटेस्टडब्ल्यू हे दुसरं सॉफ्टवेअर लावलं. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. स्वस्तातला माल मी याशिवाय बसवत नाही.

पहिली चार मिनिटं सुसाट. २३० जीबीच्या आसपास स्पीड धपकन ९० वर आला, तो तिथंच राहिला. जुन्या हार्डडिस्कची चाल ही! आकडा बघूनच कळलं, क्यूएलसी. एका सेलमध्ये चार बिट साठवणारी चिप. रिकाम्या सेलमध्ये ती आधी एकेकच बिट भराभर टाकून घेते, म्हणून पाव जागेपुरतं सगळं झटपट जातं. तेवढं संपलं की आधीचं दाटीवाटीनं बसवायचं आणि नवीनही घ्यायचं. ड्राइव्ह भरत जाईल तसा तो पाव हिस्साही आटतो, आणि शूटिंगवाल्याचा ड्राइव्ह रिकामा असतो कधी? टेंपरेचर ७६ वर गेलं होतं, तेही उघड्या पीसीत.

पाच वाजता त्याला ग्राफ दाखवला. चेहरा उतरला. "फसवलं म्हणायचं मला?"

"नाही रे. कपॅसिटी पूर्ण निघाली, एरर एकही नाही. पण तुझ्या कामाला ही पुरणार नाही."

वडिलांच्या हळदीच्या गाळ्यावर बिलांचा लॅपटॉप आहे म्हणाला. त्याचा स्लॉट लांब, पण ब्रॅकेट लावून ही बसेल आणि बिलांना कधी कमी पडणार नाही. पोरासाठी टीएलसीची, म्हणजे एका सेलमध्ये तीनच बिट साठवणारी, त्याच साइजची काढली आणि तीही समोरच भरायला लावली. अर्धा-पाऊण तास तो स्टुलावर बसून रेघ बघत होता. ४०० च्या खाली आली नाही.

जुन्या ड्राइव्हवरचं विंडोज जसंच्या तसं नव्यावर क्लोन करून, शेवटचा बारका स्क्रू आवळून लॅपटॉप हातात दिला तेव्हा सात वाजले होते. वरात आठला, सांगलीवाडीत. बॅग पाठीला लावून तो आयर्विन पुलाकडं सुटला.