आकसलेल्या गव्हाची पुडी

म्हापशातल्या एका घाऊक दुकानात मी पिठाची खरेदी बघतो. मैदा, आटा, रवा, कोंडा. निम्मं गिऱ्हाईक पोदेर, म्हणजे आमच्या गोव्यातले पाव भाजणारे. १४ मे २०२२ चा शनिवार मला अजून तासातासाने आठवतो.

आदल्या दिवशी शुक्रवारचा बाजार होता, त्यात पुरुमेंताचे दिवस. पावसाआधीची बेगमी करायला सगळा बार्देस तालुका लोटला होता. दमून झोपलो आणि सकाळी शटर वर करताना फोनवर बातमी वाचली: गव्हाच्या निर्यातीवर केंद्राने बंदी घातली. मला हायसं वाटलं. आता माल देशातच राहणार, भाव खाली येणार.

२४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हापासून मिलचा प्रत्येक फोन चढा भाव घेऊन येत होता. आपण काही युक्रेनचा गहू खात नाही, मग म्हापशात पोतं का महागलं, असं गिऱ्हाईक विचारायचं आणि त्यांचं बरोबरच होतं. पण रशिया आणि युक्रेन मिळून जगाच्या गहू निर्यातीचा जवळपास ३० टक्के वाटा उचलायचे. काळ्या समुद्रातली जहाजं अडकली, तसा इजिप्तसारखा मोठा खरेदीदार भारताकडे वळला. आपले व्यापारी बंदराकडे माल लोटू लागले. सरकारी हमीभाव क्विंटलला २०१५ रुपये होता, बाहेर त्याहून जास्त मिळत होता, मग शेतकरी सरकारला कशाला घालील? त्या हंगामात सरकारी खरेदी १८८ लाख टनांवरच थांबली. आदल्या वर्षी ती ४३३ लाख टन होती.

साडेनऊला मिलवाल्याला फोन लावला. म्हटलं, "आता तरी भाव उतरवा."

तो म्हणाला, "भाऊ, बंदी गव्हावर आहे, पिठावर नाही. गहू जात नाही, तर पीठ जाईल."

मी गप्प बसलो. बातमीत ते कुठेच नव्हतं, आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. पुढच्या महिन्यांत पिठाची निर्यात इतकी वाढली की ऑगस्टमध्ये सरकारला आटा-मैद्यालाही लगाम घालावा लागला.

पण भाव न उतरण्याचं खरं कारण माझ्या गल्ल्यातच पडलं होतं. मिलच्या माणसाने शुक्रवारी उत्तरेकडच्या गव्हाच्या दोन पुड्या दिल्या होत्या, एक गेल्या वर्षीची, एक यंदाची. गर्दीत मी त्या उघडल्याच नव्हत्या. शनिवारी कागदावर दोन्ही ओतल्या. जुना दाणा फुगीर, पोटाला गोल. नवा बारीक, सुरकुतलेला, नखाने दाबला तर आत पीठ जेमतेम. त्या वर्षीचा मार्च देशातल्या १९०१ पासूनच्या नोंदींत सगळ्यात तापलेला मार्च होता. दाणा दुधात असताना ऊन लागलं की तो भरत नाही, वेळेआधीच पिकतो. अशा गव्हातून कोंडा जास्त निघतो, मैदा कमी. म्हणजे क्विंटलचा भाव तोच राहिला तरी मैदा महागच. दुसऱ्याच दिवशी सरकारने पंजाब-हरियाणातल्या खरेदीसाठी आकसलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ केली. माझ्या कागदावर जे दिसत होतं, ते दिल्लीलाही दिसलं होतं.

अकराच्या सुमारास आमचे जुने पोदेर आले. घरात तिसऱ्या पिढीची भट्टी, सायकलवरून पाव-पोई घालणारी दोन मुलं. बातमी त्यांनीही ऐकली होती, त्यामुळे चेहऱ्यावर आशा होती. मी नवा भाव सांगितला. त्यांनी टोपी काढली आणि काउंटरला टेकून उभे राहिले.

"पीठ म्हारग जालें बाब, पूण पाव कसो म्हारग करूं?"

मला उत्तर सुचेना. पावाचा दर वाढला तर दारोदार भांडण, न वाढवला तर भट्टीच्या लाकडाचे पैसे कुठून? काही जण पाव हलका करतात. ते म्हणाले, तसं मी कधी केलं नाही. मी त्यांना कागद पुढे केला. त्यांनी नवे दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला. पिठाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून जास्त काही समजवावं लागत नाही.

सोमवारी शिकागोच्या बाजारात गहू जवळपास ६ टक्क्यांनी उसळला, तो आपल्याच बंदीमुळे. मंडयांत भाव थोडा नरमला, मिलचा मात्र तसाच राहिला.

त्या शनिवारी पोदेरांनी नेहमीच्या दहाऐवजी सहाच पोती घेतली. निम्मे पैसे रोख, बाकी वहीत. पिकअपमध्ये माल चढल्यावर परत आत आले आणि यंदाच्या गव्हाची पुडी मागितली. मी नीट बांधून दिली.

"कशाला?" विचारलं.

खिशात घालता घालता म्हणाले, "गिरायक भांडलें जाल्यार दाखयतां."